केस पिकले म्हणजे मत बदलते काय?

वाढत्या वयाबरोबर माणसाचे राजकीय मत बदलते काय, आणि बदलत असेल तर ते ठराविक दिशेनेच बदलते काय, हा प्रश्न विद्वानांच्या परिषदांपेक्षा बीडच्या मोंढ्यात, बसस्थानकाच्या बाकावर आणि लग्नाच्या मांडवात अधिक वेळा विचारला जातो. कॉलेजात असताना ज्याने मोर्चे काढले, तहसील कचेरीपुढे घोषणा दिल्या आणि बापाच्या पुढाऱ्याला भर सभेत उलट सवाल केले, तोच मनुष्य पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या पोराला ‘या भानगडीत पडू नकोस’ असे बजावू लागतो, हे दृश्य इतके परिचयाचे आहे की त्याचे कारण वयच असले पाहिजे, अशी आपण समजूत करून घेतलेली असते. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिच्यात वयाच्या नावावर इतर अनेक गोष्टींचा जमाखर्च मांडला गेलेला आहे, आणि त्या रकमा ज्याच्या त्याच्या खाती टाकल्याखेरीज वयाच्या खात्यावर शिल्लक किती राहते हे कळणे शक्य नाही.

१. चर्चिलच्या नावावर खपलेले वचन

विशीत जो समाजवादी नाही त्याला हृदय नाही आणि चाळिशीतही जो समाजवादीच राहिला त्याला अक्कल नाही, अशा आशयाचे एक वचन जगभर फिरत असते. ते कधी फ्रान्सच्या क्लेमांसोच्या नावावर सांगितले जाते, तर कधी इंग्लंडच्या चर्चिलच्या. गंमत अशी की, चर्चिलसाहेबांचे स्वतःचे चरित्र या वचनाला साक्ष देत नाही. १८७४ साली जन्मलेले हे गृहस्थ १९०० साली, म्हणजे पंचविसाव्या वर्षी, पार्लमेंटात गेले ते हुजूर पक्षाचे सभासद म्हणून. १९०४ साली ते उदारमतवाद्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि पन्नाशीच्या सुमारास पुन्हा हुजूर पक्षात परतले. विशीत उजवे, तिशीत उदार आणि पन्नाशीत पुनश्च उजवे, असा हा वळसा आहे.

आपल्या बीड मतदारसंघाकडे याहून अधिक बोलके उदाहरण आहे. १९६७ साली या मतदारसंघाने लोकसभेवर ज्यांना पाठविले ते क्रांतिसिंह नाना पाटील त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर उभे होते. १९०० साली सातारा मुलखात जन्मलेल्या या मनुष्याने प्रथम तलाठ्याची सरकारी चाकरी केली, सत्यशोधक समाजाचे संस्कार घेतले, १९३० साली चाकरीवर पाणी सोडून कायदेभंगात उडी घेतली, बेचाळीसनंतर भूमिगत राहून साताऱ्यात प्रतिसरकार चालविले, स्वराज्यानंतर शेतकरी कामगार पक्षात प्रवेश केला आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात. १९५७ साली ते साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि दहा वर्षांनी बीडमधून. सरकारी दप्तर सांभाळणारा तलाठी वयपरत्वे लाल झेंड्याखाली आला, हा प्रवास त्या प्रसिद्ध वचनाच्या अगदी उलट दिशेचा आहे.

मात्र येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. नाना पाटलांनी पक्ष बदलले. पण रयतेची बाजू सावकाराविरुद्ध आणि तिच्यावर अंमल गाजविणाऱ्यांविरुद्ध घ्यावयाची, ही त्यांची मूळ भूमिका सत्यशोधकी दिवसांपासून अखेरपर्यंत कायम राहिली. पक्ष हा माणसाचा तात्पुरता मुक्काम असतो, दृष्टी ही त्याच्या प्रवासाची दिशा असते. याच मतदारसंघातून रजनी पाटील १९९६ साली भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आल्या आणि पुढे काँग्रेसच्या वतीने राज्यसभेत गेल्या; जयसिंगराव गायकवाड १९९९ साली भाजपचे खासदार होते, तर २००४ साली राष्ट्रवादीचे. असल्या स्थित्यंतरांची कारणे वयात शोधणे म्हणजे वयावर अन्याय करणे होय. या प्रकरणात आपण पुढाऱ्यांच्या तिकिटांचा विचार बाजूला ठेवू आणि साध्या मतदाराच्या मनाकडे वळू.

२. वय, पिढी आणि काळ

केज तालुक्यातील एक घर डोळ्यांपुढे आणा. घर कल्पित आहे, वर्षे मात्र खरी आहेत. २०१४ साली या घरात आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, कारण त्यांचा जन्म १९३० चा. मुलगा १९५५ चा, म्हणजे एकोणसाठ वर्षांचा. आणि नातू १९९२ चा, बावीस वर्षांचा. सरकारचा कायदा कडक असावा की सैल, असा प्रश्न तिघांना विचारला आणि आजोबांनी ‘कडक’ असे उत्तर दिले, तर आपण पटकन म्हणू, ‘म्हातारे झाले, दुसरे काय!’

पण थोडे थांबा. आजोबा अठरा वर्षांचे होते तेव्हा साल होते १९४८. बीड जिल्ह्यावर निजामाचा अंमल होता, कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत, कचेरीचा कारभार उर्दूतून चाले, आणि रझाकारांच्या धास्तीने अनेक कुटुंबे इंग्रजी हद्दीतून स्वतंत्र झालेल्या शेजारच्या मुलखात निघून गेली होती. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. ज्याच्या मिसा फुटण्याच्या वयात राज्ययंत्रच कोलमडले, त्याने कडक कायद्याची मागणी केली तर ती चौऱ्याऐंशी वर्षांची मागणी आहे की त्या अठरा वर्षांची? शिवाय एक तिसरी शक्यता आहेच: प्रश्न ज्या साली विचारला त्या सालची हवाच तशी असेल आणि त्या दिवसांत म्हातारे काय, तरुण काय, सारेच ‘कडक’ म्हणत असतील.

पहिल्या कारणाला आपण ‘वय’ म्हणू, दुसऱ्याला ‘पिढी’ आणि तिसऱ्याला ‘काळ’. हे तिन्ही धागे सोडविणे कठीण का जाते, ते साध्या वजाबाकीवरून समजेल. चालू सालातून जन्मसाल वजा केले की वय निघते. २०१४ वजा १९३० बरोबर ८४. यांपैकी कोणतेही दोन आकडे ठरले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे एकदाच प्रश्न विचारून चौऱ्याऐंशी वर्षांचा परिणाम १९३० च्या जन्मापासून वेगळा काढताच येत नाही. त्यातल्या त्यात एक उपाय आहे, आणि तो चिकाटीचा आहे: त्याच माणसांना पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे विचारीत राहावयाचे.

इंग्लंडात डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स या दोघा अभ्यासकांनी १९६० च्या दशकात हा गुंता बराचसा सोडविला. तेथील वृद्ध मतदार हुजूर पक्षाकडे अधिक झुकलेले होते आणि सर्वांनी त्याचे श्रेय त्यांच्या वृद्धत्वाला देऊन टाकले होते. या दोघांनी निराळा प्रश्न विचारला: हे वृद्ध ज्या काळी वयात आले, त्या काळी मजूर पक्ष होता कोठे? तो मोठा पक्ष झाला पहिल्या महायुद्धानंतर. म्हणजे या आजीआजोबांना मजूर पक्षाची निष्ठा आईबापांकडून वारशाने मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हातारपणाने त्यांना उजवीकडे ढकलले नव्हते; जे प्रथम मिळाले ते म्हातारपणाने फक्त घट्ट धरून ठेवले होते.

हीच कसोटी बीडला लावून पाहण्याजोगी आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत येथून बाबासाहेब परांजपे निवडून आले ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटतर्फे, म्हणजे हैदराबाद संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्यामुळे डाव्यांनी उभ्या केलेल्या आघाडीतर्फे. १९६७ साली नाना पाटील आले, १९७७ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. पुढे १९९६ पासून मात्र याच मतदारसंघाने बहुतेक वेळा भाजपला कौल दिला. एवढ्यावरून जिल्हा म्हाताऱ्या माणसासारखा उजवीकडे कलला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण हिशेब करा: १९६७ साली मतदानाची वयोमर्यादा एकवीस होती, तेव्हाचा सर्वांत लहान मतदार १९४६ च्या आसपास जन्मलेला, म्हणजे २००९ साली जेव्हा गोपीनाथ मुंडे येथून लोकसभेत गेले तेव्हा तो त्रेसष्टीला पोचला होता, आणि १९८९ पासून अठरा वर्षांची मुलेही मतदान करू लागली होती. मतपेटीतून आवाज आला तो बव्हंशी निराळ्याच लोकांचा. शिवाय १९७७ साली मार्क्सवाद्यांना निवडून देणाऱ्या बीडने अवघ्या तीन वर्षांत, १९८० साली, काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागरांना निवडून दिले. तीन वर्षांत ना कोणी म्हातारे होते, ना पिढी पालटते. हा निखळ काळाचा प्रताप. आणि आघाड्या, जातींची गणिते व उमेदवाराचा लौकिक यांचाही वाटा विजयात असतोच, त्यामुळे खासदारांच्या यादीवरून मतदारांच्या मनाचा ठाव घेऊ पाहणारा मनुष्य फसल्याशिवाय राहत नाही.

३. वाफशाची वर्षे

मग माणसाचे मत घडते तरी केव्हा? बीडच्या काळ्या जमिनीत पेरणी करणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको. पाऊस पडल्या पडल्या रान चिखलाचे असते, तेव्हा तिफण चालत नाही. उघडीप लांबली की तेच रान दगडासारखे होते. या दोहोंच्या मध्ये जो वाफसा येतो, त्यात पेरले तेच उगवते. माणसाच्या राजकीय मनाला असा वाफसा साधारणतः सतरा-अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत असतो. जॉन क्रॉस्निक आणि ड्वेन ॲल्विन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली मांडलेला निष्कर्ष असाच आहे की, या वयात मते सर्वांत लवचिक असतात आणि त्यानंतर त्यांची चंचलता झपाट्याने उतरते.

या बाबतीतला सर्वांत सुंदर अभ्यास अमेरिकेतल्या बेनिंग्टन नावाच्या एका लहानशा महिला महाविद्यालयात झाला. तेथे येणाऱ्या मुली श्रीमंत आणि बहुतांशी रिपब्लिकन घराण्यांतल्या. शिक्षकवर्ग मात्र रूझवेल्टच्या नव्या आर्थिक धोरणाचा पुरस्कर्ता. थिओडोर न्यूकम या प्राध्यापकाने १९३५ ते १९३९ या काळात या मुलींची मते वर्षागणिक नोंदविली. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या निम्म्याहून अधिक मुली आईबापांच्या रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने होत्या. वरच्या दोन वर्गांत हे प्रमाण फार खाली आले होते. खरा प्रश्न पुढचा होता: घरी परतल्यावर, लग्ने झाल्यावर, पैसा हाती आल्यावर या मुली पुन्हा बापाच्या मताच्या होतील काय? सुमारे पंचवीस वर्षांनी त्याच स्त्रियांना गाठले गेले, आणि १९८४ साली, त्या सत्तरीकडे झुकल्या असताना, पुन्हा एकदा. बहुतेकींनी कॉलेजात मिळालेले मत सोडलेले नव्हते.

बेनिंग्टन फार दूर वाटत असेल, तर अंबाजोगाईस चला. मोमिनाबाद या नावाने सरकारी दप्तरात असलेल्या त्या गावात १९३० च्या दशकात योगेश्वरी विद्यालय चालविण्याकरिता एक संन्यासी आला होता. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, यांनी त्याआधी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केले होते आणि पुढे ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनापती ठरले. उर्दू कारभाराच्या त्या मुलखात मराठी माध्यमाची राष्ट्रीय शाळा म्हणजे केवळ शाळा नव्हती. ज्या मुलांचा वाफसा त्या आवारात आला, त्यांच्यात काँग्रेसचे सत्याग्रही निघाले आणि डावेही निघाले. वर उल्लेखिलेले बाबासाहेब परांजपे याच गावच्या याच परिवारातले. पुढे साधारण पस्तीस वर्षांनी त्याच अंबाजोगाईत दोन तरुण महाविद्यालयात शिकत होते, दोघेही १९४९ च्या अखेरीस जन्मलेले: प्रमोद महाजन आणि परळी तालुक्यातील नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे. विद्यार्थी परिषदेत दोघांचा घरोबा जुळला, पंचविशीत आणीबाणी आली, तुरुंग आला. आणि त्यानंतर त्या दोघांनी आयुष्याच्या अंतापर्यंत आपला विचारपरिवार सोडला नाही. गाव एकच आणि तेथे येणारी मुले त्याच खेड्यापाड्यांतली; परंतु वाफशाच्या दिवसांत कोणती माणसे भोवती होती, यावरून पीक अगदी निराळे आले.

४. एकाच पिढीच्या निरनिराळ्या आठवणी

येथवर वाचून कोणास वाटेल की जन्मसाल कळले म्हणजे मत कळले. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच पिढ्यांवरील आपल्या निबंधात ही भोळी समजूत दूर केली होती. एकाच साली जन्मलेल्यांच्या वाट्याला एकच घटना येते. पण त्या घटनेला ते निरनिराळ्या अंगांनी सामोरे जातात, आणि म्हणून एका पिढीच्या पोटात अनेक गट पडतात.

मराठवाड्यात याचा पुरावा शोधावा लागत नाही. १९४८ चा सप्टेंबर हा बीडच्या बहुसंख्य तरुणांना मुक्तीचा महिना वाटला. परंतु संस्थानातील कित्येक मुसलमान घरांतून त्याच महिन्याची आठवण नंतरच्या हिंसेची आणि परागंदा होण्याची आहे, आणि तिची चौकशी करण्याकरिता नेहरूंच्या सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल दशकानुदशके दप्तरात पडून राहिला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हाही तेच घडले. त्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतच्या साडेपंधरा वर्षांत विशीत असलेले दोन मराठवाडी तरुण, एक दलित वस्तीतला आणि दुसरा गावकुसाच्या आतला, यांनी एकाच सालाकडून जे धडे घेतले ते एकमेकांचे विरोधक होते. ते दोघेही आज साठीच्या आसपास आहेत, आणि त्यांचे वाढते वय त्यांना एका मताकडे आणीत असल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगाव येथे जाळपोळ झाली, त्या दिवशी जी मुले अठरा वर्षांची होती, त्यांच्या बाबतीतही, कोणी कोणत्या बाजूने ती आग पाहिली, हेच पुढे अनेक वर्षे महत्त्वाचे राहील.

५. कोयता आणि मुकादम

असे असले तरी त्या प्रसिद्ध वचनात थोडे तथ्य उरतेच. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९६५ साली शाळा सोडणाऱ्या मुलांना त्यांची मते विचारली आणि त्याच व्यक्तींना १९७३, १९८२ व १९९७ साली पुन्हा गाठले. या नोंदींवरून २०२० साली निघालेला निष्कर्ष असा की, बहुतेकांची मते जागची हलली नव्हती. पण ज्यांची हलली, त्यांच्यात डावीकडून उजवीकडे गेलेले अधिक आणि उजवीकडून डावीकडे गेलेले कमी होते. हे कशामुळे? माझे मत असे की, वयापेक्षा वयाबरोबर बदलणाऱ्या जागेमुळे. आणि ही जागा कशी बदलते हे बीड जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम हंगामाआधीच कोयत्याला रोख उचल देतो आणि ती तोडणीतून फेडावयाची असते. समजा, एका जोडीने १ लाख रुपये उचल घेतली, टनाला ३५० रुपये दर मिळतो आणि दिवसाला दोन टन तोड होते. तर रोजचे ७०० रुपये झाले आणि उचल फिटावयास सुमारे १४३ दिवस लागले. दर ४०० रुपये झाला तर रोजचे ८०० होतील आणि १२५ दिवसांत उचल फिटेल. अठरा दिवस मोकळे मिळाले! विशीतल्या कोयत्याला संप का करावासा वाटतो, ते या वजाबाकीत आहे. तेथे मार्क्स वाचलेला असण्याची गरज नाही.

आता हाच मनुष्य चाळिशीत मुकादम झाला असे धरा. त्याचे कमिशन तोडणीच्या बिलावर असते, म्हणून दरवाढीच्या संपात तो अजूनही कोयत्याच्याच बाजूला उभा राहतो. बीडमधले ऊसतोडीचे संप मुकादम आणि मजूर मिळून लढवीत आले याचे इंगित बरेचसे येथे आहे. पण एखादी जोडी उचल घेऊन फडावर आलीच नाही, तर कारखान्याला किंवा ठेकेदाराला जबाब त्याला द्यावा लागतो. त्या कज्ज्यात त्याला एकाएकी करार पवित्र वाटू लागतो, पोलिस ठाणे आपले वाटू लागते आणि ‘हल्लीच्या पोरांना इमान राहिले नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी येते. ऐकणारा म्हणतो, वय झाले. वास्तविक त्याच्याच वयाचा, त्याच्याबरोबर एकाच टोळीत विशी काढलेला जो गडी अजून कोयताच धरून आहे, त्याच्या तोंडी हे वाक्य नाही. दोघांचे वय एक, पिढी एक, काळ एक. फरक एवढाच की, एकाच्या हाती उचलीची वही आली आणि दुसऱ्याच्या अंगावर उचल राहिली.

नोकरी, जमीन, घर, देवस्थानाचे विश्वस्तपद, सोसायटीचे चेअरमनपद या साऱ्या गोष्टी माणसाला बहुधा उत्तरायुष्यात लाभतात. ज्याला लाभतात त्याला रक्षण करण्याजोगे काही मिळते, आणि तो ते करतो. ज्याला पन्नाशीपर्यंत काहीच लाभले नाही, त्याला वृत्तीने सनातनी होण्याचे फारसे निमित्त मिळत नाही. उलट एखादे कोरडे साल आले की तो तरुणाहून तिखट बोलतो. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, मिलो आणि सुकडी खाल्ली, त्या पिढीतले कितीतरी म्हातारे सरकारने काम दिलेच पाहिजे हा हक्क ज्या ठामपणे सांगतात, तो ठामपणा त्यांच्या पदवीधर नातवंडांत दिसत नाही.

६. ज्यांना पाहणीत फारसे कोणी विचारले नाही

हे सारे सिद्धान्त, बेनिंग्टनचा अपवाद सोडल्यास, मोठ्या प्रमाणात पुरुषांचे आयुष्य समोर ठेवून बांधलेले आहेत. बीडच्या खेड्यातील मुलीला अठरा ते पंचवीस ही वर्षे वाफशाची म्हणून मिळत होती काय? त्या वयात बहुधा ती सासरी असे, कडेला मूल असे, वर्षाचे पाच-सहा महिने फडावरच्या खोपीत जात, आणि मत कोणाला द्यावयाचे हे घरातील कर्त्याने आधीच ठरविलेले असे. तिचे सार्वजनिक आयुष्य सुरू होई ते चाळिशीनंतर, सून घरात आल्यावर, अंगणातून ओट्यावर यावयास सवड मिळू लागल्यावर. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांकरिता १९९० साली तीस टक्के जागा राखून ठेवल्या, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्या एकतृतीयांश झाल्या आणि २०११ साली निम्म्या. तेव्हापासून पंचेचाळिशीची बाई ग्रामसभेत पहिल्यांदा उभी राहून पाणीपुरवठ्याचा हिशेब मागते, हे दृश्य दुर्मीळ राहिलेले नाही. तिला नवऱ्याच्या नावाने ओळखणारे आणि तिच्या जागी कारभार करून सहीपुरता तिचा हात धरणारे गावोगाव आहेत, हे खरे. तरी एकदा ग्रामपंचायतीचे दप्तर उघडून पाहिलेल्या बाईचे मत पुढच्या निवडणुकीत घरातल्या मताशी जुळेलच, अशी हमी तिचा नवरासुद्धा देत नाही. म्हणून बीडमधल्या पन्नाशीच्या स्त्रीचे मत कोणत्या बाजूचे आहे, हे तिच्या जन्मसालावरून सांगावयास जाऊ नये. ती ग्रामसभेत प्रथम कोणत्या साली बोलली, तेवढे विचारावे.